फाईल निवडायला बसशील तेव्हा

रात्री साडेअकराला तुझा निरोप आला होता, "ताई, सगळ्या फाइली कंसांनी भरल्यात, माणसाचं बोलणं कुठं सुरू होतं तेच कळेना." मी तो सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता वाचला. तेव्हाच ठरवलं, आज हिला निवांत सांगायचं. बस अशी जवळ. चहा घे आधी.

खरं सांगू का, तू घाबरलीस ते बरोबरच आहे. तुझ्यापुढे किल्लारीच्या भूकंपाच्या आठवणी आहेत. काही फाइली वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी टाईप करून ठेवलेल्या, काही वेबच्या पानांवरून उतरवलेल्या, काही रेकॉर्डिंग ऐकून लिहिलेल्या. आणि तुला सांगितलंय काय, तर "टॅग काढून साधा मजकूर दे." एवढ्याशा वाक्यात किती काम दडलंय ते सांगणाऱ्याच्या लक्षात आलेलं नसतं. तुझ्या आलं, म्हणून तर झोप उडाली. ज्याला काम दिसतं त्यालाच ते जमतं गं. तुला जमेल.

आधी हे बघ, टॅग म्हणजे काय. तू ब्लाऊज शिवायला टाकतेस ना, तेव्हा शिंपी कापडावर खडूनं खुणा करतो. इथे टक्स, इथे बाही, इथून काप. त्या खुणा कापड नव्हेत. ब्लाऊज अंगात घालशील तेव्हा त्या दिसायला नकोत. पण शिवायच्या आधीच कुणी ते कापड पाण्यात बुचकळलं तर शिंप्यानं काय करायचं? टॅग तसेच असतात. कोनी कंसात लिहिलेली ती अक्षरं कॉम्प्युटरला सांगतात की इथून परिच्छेद सुरू, हा शब्द ठळक, हे शीर्षक, ही तक्त्यातली एक चौकट. ती खूण आपलं काम करून मोकळी झाली की पुसायची. त्याच्या आधी नाही.

आपल्याकडे पोथ्या नकलणारे लोक चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावायचे. पिवळं खनिज असतं ते, त्याचा लेप. 'हरताळ फासणं' तिथूनच आलं. मला त्या रीतीत एक गोष्ट फार आवडते. अक्षर झाकलं जायचं, पण पिवळा डाग राहायचा. पुढच्या वाचणाऱ्याला कळायचं की इथे काहीतरी होतं आणि कुणीतरी जाणूनबुजून काढलं. कॉम्प्युटरवर तू 'सगळं बदला' हे बटण दाबलंस की डागसुद्धा राहत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, आणि यात माझं ऐकायचंच: आलेलं सगळं फोल्डर जसंच्या तसं उचलून दुसरीकडे ठेव. त्याला 'मूळ' असं नाव दे आणि त्यातली एकही फाईल उघडून सेव्ह करू नकोस. आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर घे, तो कपाटात साड्यांच्या घडीत ठेव. काम करायचं ते तिसऱ्या प्रतीवर. माझ्याकडून पहिल्या वर्षी मूळ फाईलवरच काम झालं होतं. चूक लक्षात आली तोवर मागे जायला वाटच उरली नव्हती, आणि ज्यांची ती फाईल होती त्यांना फोन करताना माझा आवाज फुटत नव्हता. तुझ्यावर ती वेळ यायला नको.

आता निवडायला बस. ज्वारी निवडतो तसंच आहे हे. सूप हातात घेतल्या घेतल्या कुणी फटकारत नाही, आधी दाणे पसरून बघतो, खडे किती, काड्या किती, फोलपट किती. तसं आधी नुसतं बघ. पाच-सहा फाइली नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघड आणि कुठकुठले टॅग दिसतात ते वहीत लिही. कॉम्प्युटरवर नको, वहीतच. पहिल्या दिवशी एवढंच केलंस तरी दिवस कामी लागला असं समज.

वहीत तुझे आपोआप तीन ढीग पडतील. पहिला ढीग निव्वळ फोलपटाचा. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर येणारी लांबलचक सजावट, रंग, अक्षराचा आकार, रिकामे 'स्पॅन'. टरफल टाकायचं, आतला दाणा ठेवायचा. पण त्यातही दोघे वेगळे आहेत बघ, 'स्टाइल' आणि 'स्क्रिप्ट'. त्यांच्या आत जे लिहिलेलं असतं ते माणसाचं बोलणं नसतं, यंत्रासाठीच्या सूचना असतात. तिथे टरफलही टाकायचं आणि आतलंही. नुसते कंस काढलेस तर रंगांचे आकडे एखाद्या आजीच्या वाक्याच्या डोक्यावर येऊन बसतील.

दुसरा ढीग बदलायच्या खुणांचा. परिच्छेदाचा टॅग गेला तर त्याच्या जागी एक रिकामी ओळ आली पाहिजे. ओळ तोडण्याच्या टॅगच्या जागी नवी ओळ. यादीतल्या प्रत्येक नोंदीपुढे छोटी रेघ. शीर्षक असेल तर ते शीर्षक आहे हे कळेल असं काहीतरी. हे बदल आधी करायचे, मग उरलेले टॅग काढायचे. क्रम उलटा झाला की शब्द एकमेकांना चिकटतात. गावांची यादी होती, एकेका ओळीवर एकेक नाव, आणि टॅग सरसकट काढल्यावर झालं काय, तर 'किल्लारीसास्तूर' असं एकच गाव तयार झालं. ते निदान डोळ्यांना दिसतं. तक्त्यातले आकडे चिकटले तर दिसतही नाही. एका चौकटीत ५२, शेजारच्या चौकटीत ७, मधली खूण गेली की झाले ५२७. आणि वाचणारा तो आकडा खरा धरून चालतो. भूकंपाच्या कागदात आकडा म्हणजे घरं असतात, माणसं असतात गं. सरकारी नोंदीत आपली ७,९२८ माणसं गेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. त्यातला एकही आकडा आपल्या हातून बिघडता कामा नये. म्हणून तक्त्याच्या चौकटीच्या जागी टॅब घाल, मगच पुढे जा.

तिसरा ढीग विचारायच्या खुणांचा, आणि खरी गंमत तिथेच आहे.

तुझ्या फोल्डरमध्ये जुन्या फाइली आहेत म्हणालीस, त्यात 'फॉन्ट' नावाचा टॅग जागोजागी असेल. तो बघून वाटतं, हा तर निव्वळ सजावटीचा, टाक काढून. थांब. युनिकोड सगळीकडे रुळायच्या आधी आपण मराठी लिहायचो ती श्री-लिपी, आकृती, शिवाजी असल्या फॉन्टांत. त्यात कॉम्प्युटरच्या पोटात साठायची ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पडद्यावर मराठी दिसायचं ते फॉन्टनं त्या अक्षरांना मराठीचं रूप चढवलेलं असायचं म्हणून. रूप उतरवलं की खाली अगम्य गिचमिड. आणि दर फॉन्टचा तक्ता वेगळा, एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही. मग कुठला तुकडा मराठी आहे, तो कुठल्या फॉन्टातला आहे आणि कुठला खरोखरच इंग्रजी आहे, हे सांगणारं त्या फाइलीत दुसरं कोण असतं? फक्त तो फॉन्टचा टॅग. तो तू आधीच पुसलास तर कुलूप राहील आणि किल्ली विहिरीत.

तेव्हा अशा फाइली बाजूला काढ. आधी फॉन्टचं नाव वाच, त्या फॉन्टपुरता मजकूर युनिकोडमध्ये बदलून घे, बदललेलं डोळ्यांखालून घाल, आणि मगच तो टॅग काढ. वेळ लागतो. लागू दे. दिवसाला पाचच फाइली झाल्या तर पाच झाल्या.

काहींच्या आत मराठी अक्षरांऐवजी नुसते आकडे दिसतील, 'अँड'ची खूण, जाळीची खूण, मग २३२५, मग अर्धविराम. ती बिघडलेली फाईल नाही. २३२५ म्हणजे 'क'. युनिकोडच्या यादीत 'क'चा तोच क्रमांक आहे. असे आकडे परत अक्षरांत आणणारी साधनं आहेत, हातानं करत बसू नकोस. फक्त हे काम टॅग काढून झाल्यावर, अगदी शेवटी कर. 'पेक्षा कमी'ची खूणही अशाच सांकेतिक रूपात लिहिलेली असते. ती आधीच उलगडलीस तर तिचा होतो कोनी कंस, आणि तुझं टॅग काढणारं साधन तिलाही टॅग समजून पुढचा मजकूर खाऊन टाकतं.

खाण्यावरून सांगते. शोध-बदलमध्ये नमुना देऊन टॅग काढता येतात हे तुला कुणीतरी शिकवलंय. टिंब आणि तारा, म्हणजे 'काहीही, कितीही'. बघ, हा नमुना फार हावरा असतो. उघडता कोनी कंस, मधे काहीही, शेवटी बंद कंस, असं सांगितलंस तर तो ओळीतल्या पहिल्या कंसापासून थेट शेवटच्या कंसापर्यंत सगळं गिळतो, मधल्या माणसाच्या बोलण्यासकट. त्याला असं सांगायचं: उघडता कंस, मग बंद कंस सोडून दुसरं काहीही, मग बंद कंस. मग तो एकेक टॅगच उचलतो. आणि टॅगच्या पोटात टॅग, त्याच्या पोटात आणखी असा गुंता असेल तर नमुन्याच्या नादी लागूच नकोस. पँडॉक नावाचं मोफत साधन आहे, २००६ पासूनचं. ते एचटीएमएल वाचून साध्या मजकुरात किंवा विकिपीडियाच्या लिखाणपद्धतीत उतरवून देतं. पायथन शिकतेस म्हणालीस तर त्यात 'ब्यूटिफुल सूप' आहे. नाव ऐकून हसू येतं, पण जटा झालेल्या केसांतून फणी फिरवावी तशी ती फिरते.

आता ज्यासाठी तुला मुद्दाम बसवलं ते ऐक.

कुणी तुला म्हणेल, टॅगबरोबर 'न दिसणारी अक्षरं' पण काढून टाक, फाईल एकदम स्वच्छ होते. नाही काढायची. सरसकट तर मुळीच नाही. मराठीत एक न दिसणारी खूण अर्थ धरून बसलेली असते. आचाऱ्याला आणि आचार्याला, म्हणून बघ दोन्ही. एक स्वयंपाक करणारा, दुसरा शिकवणारा. दऱ्या आणि दर्या, एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र. पहिल्यातला तो आडवा, पापणीसारखा र आहे ना, तो कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हेनं लिहिला जातो. एकात 'र'खाली टिंब असलेलं वेगळं अक्षर वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक शून्य रुंदीचा जोडक, जो डोळ्यांना दिसतच नाही. 'न दिसणारी अक्षरं काढा' म्हटलं की दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेला प्रत्येक पापणीचा र उडतो आणि त्याच्या जागी डोक्यावरचा रफार येतो.

आता आपल्या फाइली आठव. सगळ्यांत जास्त वेळा कुठला शब्द येतो त्यात? 'ढिगाऱ्याखाली'. जो बोलतो त्याच्या तोंडी आहे. आई ढिगाऱ्याखाली होती. ढिगाऱ्यातून आवाज येत होता. म्हाताऱ्या माणसांना उचलून बाहेर काढलं. घराच्या कोपऱ्यात पाळणा होता. मोज बरं या चार वाक्यांत किती पापण्या आल्या. एका बटणानं त्या सगळ्या गेल्या असत्या, आणि 'ढिगार्याखाली' असं काहीतरी भलतंच छापून आलं असतं. मी हे एकदा होताना पाहिलं आहे, छापायच्या आदल्या दिवशी. रात्रभर बसून शब्द शोधले.

तेव्हा काय करायचं? न दिसणाऱ्यांतलं एकेक ओळखून काढायचं. वेबच्या पानांतून येणारी एक न तुटणारी मोकळी जागा असते. साध्या मोकळ्या जागेसारखीच दिसते, पण शोधताना शब्द सापडू देत नाही. तिच्या जागी साधी जागा घाल. फाइलीच्या अगदी सुरुवातीला कधीकधी एक अदृश्य खूण असते, तीही गेली तर चालेल. पण जोडकाला हात लावायचा नाही. फारच वाटलं तर पापणीचा र सगळीकडे पहिल्या तऱ्हेनं, खाली टिंब असलेल्या अक्षरानं लिहून घे, म्हणजे पुढच्याच्या हातून तो उडायची भीती नाही. आणि सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडलंय ना ते रोज बघ. ते चुकलं तर सकाळी फाईल उघडून बघावं तर सगळीकडे प्रश्नचिन्हं.

थकलीस का? ऊठ, पाठ मोकळी कर. मी डाळीला फोडणी देऊन येते.

हं. तर वेळेच्या खुणांचं राहिलं. रेकॉर्डिंग ऐकून लिहिलेल्या फाइलींत दर दोन-चार वाक्यांनी चौकटी कंसात वेळ लिहिलेली असते, कितव्या मिनिटाला हे बोलणं आलं ती. त्या काढायच्याच आहेत. मी पण काढल्या होत्या, अशाच एका कामात. नमुना दिला की आकडे, मधे अपूर्णविराम, पुन्हा आकडे, असं जिथे असेल ते सगळं उडव. कंसाची अट घालायची राहिली माझ्याकडून. काम झालं, फाइली स्वच्छ दिसल्या, मी खुशीत. मग सहज वाचायला घेतल्या तर एकाही आठवणीत भूकंप किती वाजता झाला तेच नाही. पहाटे ३:५६. जिथे जिथे लोकांनी ती वेळ सांगितली होती तिथे तिथे मी ती पुसून ठेवली होती. बघ, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाहून उशिरा येऊन निजलेली गावं, आणि ती वेळच नाही. माझ्या 'मूळ' फोल्डरनं वाचवलं मला. त्या दिवसापासून मी एक नियम पाळते: 'सगळं बदला' दाबायच्या आधी 'सगळं शोधा' दाबायचं आणि काय काय सापडतंय त्याची यादी वरपासून खालपर्यंत वाचायची. कंटाळा येतो. तरी वाचायची.

आणि काम झालं की ताडून बघायचं. आपल्या मराठवाड्यात याची रीत फार जुनी आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षं नकला होता होता त्यात चुका शिरल्या होत्या, त्या त्यांनी निवडून काढल्या आणि मूळचं तसंच राहू दिलं. स्वतः एवढे मोठे कवी, पण त्या ग्रंथात स्वतःचं काही मिसळलं नाही. तू पण तेवढंच कर. एका बाजूला मूळ पान उघड, दुसऱ्या बाजूला तुझी फाईल. शब्दांची संख्या दोन्हीकडे बघ. फार फरक असेल तर कुठेतरी खाल्लं गेलंय किंवा चिकटलंय. मग एखादं पान मोठ्यानं वाच. डोळा चुकतो, पण कानाला चिकटलेले शब्द लगेच टोचतात. सासूबाईंना वाचून दाखव, त्यांनी तर ती रात्र पाहिलेली आहे, त्या लगेच म्हणतील, "असं नाही बोलत कुणी." आणि कुणाचं बोलणं ओबडधोबड वाटलं म्हणून सुधारू नकोस बरं का. 'आलतो' म्हणाली असेल बाई, तर 'आलतो'च राहील.

तू असंही विचारलंस की विकिपीडियासाठी काही पानं हवीत, तिथे टॅग काढायचे की ठेवायचे. तिथे भाषांतर करायचं, टॅगचं. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि तिची लिहायची स्वतःची रीत आहे. ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन एकेरी अवतरणं, तिरप्याला दोन-दोन, शीर्षकाला दोन्हीकडे बरोबरच्या दोन-दोन खुणा, दुव्याला दुहेरी चौकटी कंस. म्हणजे खूण बदलते, तिचं सांगणं तेच राहतं. मोल्सवर्थचा शब्दकोश माहीत आहे ना, १८५७ च्या आवृत्तीचा? शिकागो विद्यापीठानं तो कॉम्प्युटरवर आणलाय. तिथे शब्द टाकला की अर्थ येतो, कारण यातला मुख्य शब्द कुठला, अर्थ कुठला, हे खुणांनी सांगून ठेवलंय. त्या खुणा पुसल्या तर उरेल एक लांबच लांब मजकूर, ज्यात काही सापडायचं नाही. टॅग नेहमी कचराच असतो असं धरून चालू नकोस.

आणखी एक, हे थोडं वेगळं आहे पण तुझ्या पुढच्या कामात लागेल. एखाद्या ॲपचा किंवा फॉर्मचा मजकूर मराठीत करायला येतो, तेव्हा वाक्यात मधेच एक खूण असते, की इथे गावाचं नाव येईल. इंग्रजी वाक्य बघून आपण लिहितो, खूण, आणि तिला चिकटून 'ला जाण्यासाठी'. लातूर आलं तर छान, 'लातूरला'. किल्लारी आलं तरी छान. पण औसा आलं की 'औसाला' होतं, आणि आपण तर 'औशाला' म्हणतो. उमरगा आलं तर 'उमरगाला', हवं 'उमरग्याला'. निलंग्याचं तेच, लोहाऱ्याचं तेच. कॉम्प्युटर नाव आणून बसवतो, त्याला सामान्यरूप करता येत नाही. मग वाक्यच असं बांधायचं की नावाला प्रत्यय लागणार नाही. 'गाव' असं लिहून पुढे नाव, किंवा 'औसा येथे'. टॅगच्या आतली अक्षरं मात्र कधी मराठीत करायची नाहीत, ती यंत्राची आहेत, तशीच राहू देत. आणि ठळक शब्दाचा टॅग वाक्यात जिथे तो शब्द जाईल तिथे त्याच्याबरोबर न्यायचा, प्रत्ययासकट आत घ्यायचा. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत मधे, तेव्हा टॅगची जागा हलणारच. हलली तरी चालेल. हरवता कामा नये.

घरातलं काय, ते पण सांगते, कारण तुझ्या निरोपात ते न लिहिताही दिसलं. "दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढे काय करते" असं म्हणतात ना? म्हणू देत. सकाळी मुलं शाळेत गेली की दोन तास आणि दुपारी एक तास, एवढंच बस. लाईट केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून दर फाइलीनंतर सेव्ह कर. रात्री 'सगळं बदला' दाबायचं नाही. झोपेत माणूस 'हो' म्हणून टाकतो. झालेल्या फाइलींवर वहीत टिक कर, त्या टिका दिसल्या की घरच्यांना नाही तरी तुला कळतं काम कुठवर आलं. आणि पैशाचं आधी ठरवून घे. ज्यानं सांगितलं 'साधा मजकूर दे', त्याला ही वही दाखव, तीन ढीग दाखव. एका फाइलीला किती वेळ लागतो ते सांग. लाजू नकोस. हे निवडणं बारीक काम आहे, त्याचे पैसे मागायचे.

आता शेवटचं. काही फाइलींत चौकटी कंसात मराठीत लिहिलेलं असेल, 'थांबते', 'रडू येते', 'बराच वेळ काही बोलत नाही'. ज्यानं रेकॉर्डिंग ऐकून लिहिलं त्यानं त्या खुणा केल्यात. तुझ्या नमुन्याला त्या वेळेच्या खुणांसारख्याच दिसतील, चौकटी कंस तो चौकटी कंस. पण त्या काढायच्या नाहीत गं.

मी नऊ वर्षांची होते. आमचं माळवदाचं घर, दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. ते सगळं खाली आलं. आम्ही दारालगत निजलो होतो म्हणून निघालो. दोन दिवसांनी फावडी घेऊन माणसं आली मदतीला, बिचारी थकलेली होती, भराभर उपसत होती. माझी आई पुढे झाली आणि म्हणाली, "हातानं काढा." फक्त तेवढंच. मग ती स्वतः बसली आणि एकेक दगड उचलून बघून बाजूला ठेवत गेली. माझी पाटी सापडली तिला. जात्याचा खुंटा सापडला. आणि त्याच्या बाजूला आजी.

आईला पुढे कुणीही त्या दिवसाचं विचारलं तर ती इतकंच सांगायची, "हातानं काढलं," आणि मग गप्प व्हायची. कुणी तिचं रेकॉर्डिंग केलं असतं तर त्यात दोन शब्द असते आणि एक कंस. कंस काढला तर तिनं काय सांगितलं ते कुणाला कळणार?

तर ते 'थांबते' तसंच ठेव, किंवा त्याच्या जागी तीन टिंबं आणि नवी ओळ घाल, पण सगळीकडे एकच रीत धर आणि सुरुवातीच्या पानावर लिहून टाक की या खुणेचा अर्थ असा. ज्या फाइलींत असे कंस फार आहेत त्या सगळ्यांत शेवटी घे. एकटीनं बसू नकोस त्यांच्यापुढे. फोन कर, मी येते. शेंगदाण्याची चटणी नि भाकरी मी आणते, तू ताक करून ठेव.